चार वाजताची भूक

सकाळी जे खातो त्याला आपण न्याहारी म्हणतो. दुपारी आणि रात्री जेवण असतं. या दोहोंच्या मध्ये जे काही तोंडात टाकलं जातं, त्याला 'मधल्या वेळचं खाणं' म्हणून आपण मोकळे होतो. धड स्वतःचं नावसुद्धा नाही बिचाऱ्याला! शाळेतून येणाऱ्या मुलांसाठी या खाण्याची निदान आठवणीने तयारी होते. थालीपीठ, पोहे, शिरा, नाहीतर डब्यातला लाडू. पण दुपारी चारच्या सुमाराला घरातल्या बाईला जी भूक लागते, ती कुणाच्याच हिशेबात नसते. तिच्या स्वतःच्याही नाही. पहाटेपासून डबे, नाश्ता, धुणं, मग सर्वांची जेवणं झाल्यावर दीड-दोनला उरलंसुरलं पानात घेतलेलं. चारला पोटात कालवाकालव सुरू झाली की तिचं उत्तर ठरलेलं असतं. अर्धा कप चहा आणि डब्यात तळाशी राहिलेली दोन बिस्किटं.

नोकरी करणाऱ्या मुलींचंही याहून फार वेगळं नाही. फरक एवढाच, की चहा मशीनचा असतो आणि बिस्किटांऐवजी कॅन्टीनचा समोसा.

तर मैत्रिणींनो, या भुकेवर हल्ली बाजारात एक नवा इलाज आला आहे. चकचकीत वेष्टनातली, बोटभर लांबीची चॉकलेटची वडी. तिला म्हणतात एनर्जी बार. आमच्या घरी ती आणली सूनबाईंनी. 'बार' हा शब्द ऐकून आमच्या 'ह्यांनी' वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि चष्म्यावरून एकदा सुनेकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. खाण्याची वस्तू आहे असं कळल्यावर पुन्हा पेपरात शिरले.

आमची सून नवा रायपूरला नोकरी करते. मंत्रालय आणि बरीच सरकारी कार्यालयं तिकडे गेल्यापासून इथल्या कितीतरी घरांचा दिवस पंचवीस-तीस किलोमीटरने लांबला आहे. सकाळी साडेआठला ही घरातून निघते आणि परत येते तेव्हा देवापुढे दिवा लागून गेलेला असतो. गेल्या हिवाळ्यात मी पाहत होते, पोरगी घरी आली की चप्पल काढायच्या आधी खुर्चीत बसायची. बोलायचंसुद्धा नाही तिला. विचारलं तर म्हणायची, "काही नाही हो आई, चार वाजल्यापासून बॅटरी उतरते. आता बार खायला लागलेय, बरं वाटेल."

बरं वाटतं का, हे बघायचं मी ठरवलं. मी स्वतःही दुपारी चहाबरोबर तोच बार आठवडाभर खाऊन पाहिला.

आधी चवीचं सांगते. चव छान आहे. वरून चॉकलेटचा पातळ लेप, आत ओट्स, कुरमुऱ्यासारखे कुरकुरीत दाणे, एखादा बदामाचा तुकडा. दाताखाली जरा चिवट लागतं, म्हणजे कवळी असलेल्यांनी जपून. गोड मात्र आपल्या कल्पनेपेक्षा जास्त. दुसऱ्या दिवशी मी तो सुरीने चार तुकडे करून बशीत घेतला, तेव्हा लक्षात आलं की ही आपली चिक्कीच आहे. शेंगदाण्याच्या जागी ओट्स, गुळाच्या पाकाच्या जागी ग्लुकोजचा पाक, आणि वर चॉकलेटचा शालू. रचना तीच. काहीतरी कोरडं, भाजलेलं, आणि त्याला बांधून ठेवणारं काहीतरी गोड आणि चिकट.

चिक्कीला आपण कधी 'एनर्जी' म्हटलं नाही, एवढंच.

या वडीचा जन्म कसा झाला तेही गमतीदार आहे. १९३७ साली अमेरिकन लष्करातले कॅप्टन पॉल लोगन हर्शी या चॉकलेट कंपनीकडे गेले. त्यांना सैनिकाच्या खिशात राहील अशी चॉकलेटची वडी हवी होती, अगदी अडचणीच्या प्रसंगी खाण्यासाठी. अटी चार. वजन चार औंस, म्हणजे ११३ ग्रॅमच्या आसपास. पोटाला आधार भरपूर. उन्हाने वितळता कामा नये. आणि चौथी अट अशी, की चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा जराशीच बरी असावी! कारण उघड आहे. चव चांगली असली की जवान ती पहिल्याच दिवशी फस्त करणार आणि खरी वेळ येईल तेव्हा खिसा रिकामा. कंपनीने ओटचं पीठ घालून ती वडी बनवली. एका वडीत ६०० कॅलरी, आणि सुमारे ४९ अंश सेल्सियसपर्यंत ती न वितळता राहायची. इतकी टणक होती म्हणतात, की कित्येकांना चाकूने तासून खावी लागे.

पुढे १९८३ साली ब्रायन मॅक्सवेल नावाचा कॅनडाचा धावपटू इंग्लंडमधल्या एका मॅरेथॉनमध्ये एकविसाव्या मैलाच्या सुमाराला पार गळून गेला. बेचाळीस किलोमीटरची शर्यत, त्यातले शेवटचे पाच मैल बाकी, आणि अंगातली साठवलेली साखर संपलेली. त्या अनुभवातून त्याने धावताना खाता येईल, पटकन पचेल अशी वडी तयार करायला घेतली आणि १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे 'पॉवरबार' नावाने ती विकायला काढली. आपल्याकडेही सैन्यासाठी अशी कामं झाली आहेत. म्हैसूरला १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण खात्याच्या अन्न संशोधन प्रयोगशाळेने उंच बर्फाळ ठाण्यांवरच्या जवानांसाठी टिकाऊ, थोड्या जागेत मावणारं खाणं तयार केलं.

आता बघा. एक वडी खंदकातल्या शिपायासाठी, दुसरी बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्यासाठी, तिसरी बर्फातल्या जवानासाठी. आणि आपण ती खातो कुठे? एअरकंडिशन खोलीत, संगणकासमोर खुर्चीत बसून, तीही दोनला वरण-भात जेवल्यावर दोन तासांनी.

'एनर्जी' या शब्दाने इथे आपली मोठी फसगत होते. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात जो तक्ता छापलेला असतो, त्यात पहिलीच ओळ 'एनर्जी' अशी असते आणि पुढे आकडा असतो कॅलरीचा. शास्त्राच्या भाषेत एनर्जी म्हणजे एवढंच. या पदार्थातून शरीराला किती इंधन मिळतं त्याचं माप. त्या अर्थाने चमचाभर साजूक तूपही एनर्जी आणि मूठभर साखरही एनर्जी. आपल्याला मात्र 'एनर्जी' म्हटलं की उत्साह, तरतरी, थकवा पळाला, असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला धावणाऱ्या माणसाचं चित्र असतं ते उगीच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, की दुधात घालायच्या पावडरी आणि पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली दाखवू नका, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. वर्षानुवर्षं आपण मुलांना ज्या नावाने ते पाजत आलो, ते नाव कायद्याला ठाऊकच नव्हतं. वेष्टनाच्या दर्शनी भागावरच्या मोठ्या अक्षरांना किती मान द्यायचा, ते यावरून ओळखा.

मागची बाजू मात्र जरूर वाचा. भिंग लागलं तरी चालेल, मला लागतं. आम्ही आणलेल्या ३८ ग्रॅमच्या बारवर १६० कॅलरी, ४ ग्रॅम प्रथिनं आणि ११ ग्रॅम साखर असं लिहिलं होतं. चार ग्रॅम साखर म्हणजे एक लहान चमचा, हे एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं. म्हणजे पावणेतीन चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं आहे, की वरून घातलेली साखर, मध आणि पाक मिळून दिवसभराच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आले तर उत्तम. साधारण दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाला पाच टक्के म्हणजे पंचवीस ग्रॅम, सहा चमचे. त्यातले जवळजवळ तीन या बोटभर वडीत गेले. उरलेले तीन आपल्या दोन वेळच्या चहातच संपतात.

दुसरी गोष्ट, घटकांची यादी. ज्याचं वजन सगळ्यांत जास्त तो पदार्थ यादीत पहिला, मग उतरत्या क्रमाने पुढचे. साखर एकाच नावाने येईल असं समजू नका. लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, ब्राऊन शुगर, मध, माल्टोडेक्स्ट्रिन ही सगळी त्याच घराण्यातली मंडळी. वेगवेगळ्या नावांनी विखुरली की यादीत एकेकटी खाली सरकतात आणि वर ओट्स विराजमान होतात. वेष्टनावर बदामाचं भलंमोठं चित्र असेल तर यादीत बदाम किती टक्के ते पाहा. आमच्या बारमध्ये चार टक्के होते. ३८ ग्रॅमचे चार टक्के म्हणजे दीड ग्रॅम, अर्थात एक बदाम आणि वर थोडा चुरा. 'साखर घातलेली नाही' असं अभिमानाने लिहिणाऱ्या काही वड्यांमध्ये माल्टिटॉलसारखी गोडी असते. ती जास्त झाली तर पोट फुगतं, गुडगुडतं. चारचौघांत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

आणि रायपूरच्या मंडळींसाठी खास सूचना, वितळण्याची! खऱ्या चॉकलेटात कोकोचं लोणी असतं, ते साधारण ३४ अंशांना वितळतं. म्हणून तर चॉकलेट जिभेवर विरघळतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर सहज जातो. रोहिणी नक्षत्र लागून 'नौतपा' सुरू झाला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा दिवसांत गाडीत किंवा पर्समध्ये राहिलेला बार चारला उघडला तर हातात येतो तो चॉकलेटचा चिखल. मग तो फ्रीजमध्ये ठेवला की वर पांढुरकी साय धरते. ती बुरशी नव्हे, लोण्याचा अंश वर येऊन गोठलेला असतो आणि खायला काही अपाय नाही. पण मन होत नाही हे खरं. जे बार उन्हात तसेच टुणटुणीत राहतात त्यांच्यावरचा लेप बहुधा कोकोच्या लोण्याचा नसून दुसऱ्या वनस्पतिजन्य चरबीचा असतो. यादीत तेही लिहिलेलं असतं.

ज्या मुलखात आपण राहतो, तिथल्या लोकांनी या उन्हावर काय शोधलं होतं? बोरे-बासी. शिजवलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा, आणि मीठ, कांदा, हिरवी मिरची, चटणी यांच्याबरोबर खायचा. शेतावर जाणारा छत्तीसगढी माणूस पिढ्यान्‌पिढ्या हेच खाऊन उन्हात राबत आला. २०२२ च्या कामगारदिनी राज्य सरकारने 'बोरे-बासी'चा दिवसच साजरा करवला आणि मोठमोठ्या साहेबांनी पितळी थाळीत बासी खातानाचे फोटो काढून घेतले. आमची आजी लग्न होऊन तात्यापाऱ्यात आली, तेव्हा तिला या पाण्यातल्या भाताचं फार नवल वाटलं होतं म्हणे. पुढे तीच उन्हाळ्यात ताकभाताऐवजी बासी मागायची. पण हे घरचं खाणं झालं. ऑफिसच्या टेबलावर बासीचा वाडगा घेऊन बसणं सूनबाईंना शक्य नाही, हे मलाही कळतं.

तर मूळ मुद्द्याकडे येते. पोरीची बॅटरी का उतरत होती?

दुपारी जेवणानंतर दोन-तीन तास थोडी सुस्ती येणं हे सगळ्यांच्याच शरीराचं आहे, त्यात काळजीचं काही नाही. पण खुर्चीत बसल्यावर पाच-दहा मिनिटं शब्द न निघणं, जिना चढताना धाप लागणं, नखं पांढुरकी दिसणं, हे मला बरं वाटेना. मी म्हटलं, "अगं, बार खाऊन महिना झाला. बरं वाटायचं तर एव्हाना वाटायला हवं होतं. एकदा रक्त तपासून घे."

"आई, तुम्ही पण ना! मार्च एंड आहे, सुट्टी कोण देणार?"

"सकाळी सातला लॅब उघडते. सुट्टी कशाला हवी?"

तपासलं. हिमोग्लोबिन ९.४. स्त्रियांना ते बाराच्या वर असावं लागतं. पगारदार, शिकलेली, दोन्ही वेळा पोटभर जेवणारी मुलगी, आणि रक्त इतकं कमी. डॉक्टरीणबाईंना मात्र काही आश्चर्य वाटलं नाही. रोज अशाच मुली बघते म्हणाल्या. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता, आणि आमच्या छत्तीसगढात तर शंभरातल्या साठाहून अधिक जणींना. म्हणजे हा लेख वाचणाऱ्या दहाजणी एका सतरंजीवर बसवल्या तर त्यातल्या पाच-सहाजणी चार वाजता ज्याला 'भूक' किंवा 'कंटाळा' म्हणतात, तो त्यांच्या रक्तातला लोहाचा तुटवडा असू शकतो. त्यावर चॉकलेटची वडी खाणं म्हणजे विहीर आटली असताना रहाटाला तेल घालण्यासारखं आहे.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली आणि चहाची वेळ बदलायला सांगितली. हे चहाचं प्रकरण आपल्या बायकांना कुणी नीट सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. चहा-कॉफीतली द्रव्यं अन्नातलं लोह धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली ज्या आहारविषयक सूचना काढल्या, त्यांतही जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी टाळा असं सांगितलं आहे. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व डाळी-पालेभाज्यांतलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. आपण काय करतो? दोनला जेवतो, हात पुसत पुसत आधण ठेवतो. आणि चारच्या खाण्याबरोबर पुन्हा कप हातात असतोच.

गोळ्यांनी तीन महिन्यांत हिमोग्लोबिन अकराच्या पुढे गेलं. श्रेय गोळ्यांचं, माझ्या चण्यांचं नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पण चारच्या खाण्याचा प्रश्न उरलाच होता, कारण पोट तर रिकामं होतच. मग आम्ही आठवड्याला एक असे प्रकार करून पाहिले. घरी आल्यावर किती भूक आहे, ते सूनबाई रोज सांगायची. एका घरचा अनुभव आहे, त्याला शास्त्र म्हणू नका.

बारच्या आठवड्यात चारला खाल्लेलं सहाला जिरायचं आणि बसमधून उतरल्यावर कोपऱ्यावरच्या गुपचूपवाल्याकडे पाय वळायचे. गुपचूप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी. दुसऱ्या आठवड्यात मी गोल बाजारातून फुटाणे आणि मुर्रा, म्हणजे आपले कुरमुरे, आणले. मूठभर फुटाणे म्हणजे तीस ग्रॅम धरा. त्यात सव्वाशेच्या आत कॅलरी, सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं, भरपूर चोथा आणि वरून घातलेली साखर शून्य. वर कांदा-टोमॅटो आणि अर्धं लिंबू. हे साडेसातपर्यंत टिकायचं. खर्च? बारच्या किमतीत आठवडाभराचे फुटाणे येतात, तेही सगळ्या घरासाठी. तक्रार एकच आली. "आई, मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघतात. कुडुमकुडुम आवाज येतो."

शेंगदाण्याच्या चिक्कीचा आठवडा चवीला सगळ्यांत बरा गेला. पण चिक्कीबद्दल आपल्या मनात जो पक्षपात आहे तो जरा बाजूला ठेवा. तीस ग्रॅमच्या चिक्कीत निम्मा गूळ असेल तर ती साखर बारपेक्षा कमी नाही, थोडी जास्तच भरेल. गुळात थोडंफार लोह असतं म्हणून तो साखर नव्हे असं होत नाही. शेंगदाण्यातली प्रथिनं चांगली, किंमत कमी, घटक दोनच आणि दोन्ही आपल्या ओळखीचे, हे तिचे गुण. मधुमेह असलेल्या घरात मात्र 'घरचं आहे, गुळाचं आहे' म्हणून डबा समोर ठेवू नये. आमच्या 'ह्यांच्या'पासून तो वरच्या फळीवर ठेवावा लागतो, आणि तरीही शनिवारी वजन भरत नाही.

छत्तीसगढात आता याच जातीचे आणखी प्रकार मिळतात. इथल्या जत्रांतला जुना करी लाडू, म्हणजे बेसनाची जाड शेव गुळाच्या पाकात वळलेली, तो तर आहेच. बस्तर आणि जशपूरकडच्या बायकांचे बचत गट मोहाच्या फुलांचे लाडू करतात. मोहाचं नाव घेतलं की आपल्या मनात दारूच येते. पण वाळवलेलं फूल मनुकेसारखं गोड असतं आणि आदिवासी घरांत ते खाण्यातच वापरलं जात आलं आहे. २०२१ पासून राज्याने कोदो, कुटकी, नाचणीची मोहीम घेतल्यावर त्यांची बिस्किटं आणि लाडूही दुकानांतून दिसू लागले. नाचणीचा लाडू मला आवडला. नाचणीच्या नावाखाली मैद्याचं बिस्किट देणारे काहीजण आहेत, तेव्हा इथेही यादी वाचायचीच.

मग बार अगदी टाकून द्यायचा का? मुळीच नाही. रस्त्यात अडकलो, जेवण चुकलं, मुलगा तासभर फुटबॉल खेळून आला, परीक्षा-प्रवासात काही धड मिळत नाही, डोंगर चढायचा आहे, अशा वेळी पर्समधला बार वडापावापेक्षा स्वच्छ आणि समोशापेक्षा हलका. सूनबाईंच्या टेबलाच्या खणात आजही एक असतो. चॉकलेट खावंसं वाटलं म्हणून खाल्ला तरी हरकत नाही. मग त्याला चॉकलेट म्हणावं आणि आनंदाने खावं. रोजच्या चारच्या खाण्याचा मान त्याला देऊ नये, एवढंच माझं म्हणणं. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या डब्यात तर रोज नकोच. साखरेची गोडी जिभेला एकदा लागली की मग फुटाणे 'बोअर' वाटतात, हे नातवावरून सांगते.

कुडुमकुडुम न वाजणारं, चॉकलेटची चव असलेलं आणि घरात होणारं काहीतरी हवं, म्हणून शेवटी ही वडी बसवली. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एका कार्यक्रमाला डबा भरून नेली होती, तिथे तीन-चार जणींनी कृती मागितली, म्हणून इथेच देते.

बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, राजगिऱ्याच्या लाह्या ५० ग्रॅम, भाजलेले तीळ दोन चमचे, बिनसाखरेची कोको पावडर दोन मोठे चमचे, चिमूटभर मीठ. शेंगदाणे जाडसर कुटा, अगदी कूट करू नका. खजूर कोरडा असेल तर दहा मिनिटं वाफवून घ्या, पाणी घालू नका, नाहीतर वडी टिकत नाही. खजूर, कोको आणि मीठ एकत्र करून हाताने चांगलं मळा. मिक्सरमध्ये घालायचं तर थोडं थोडं घाला, एकदम सगळं घातलं तर पातं अडकतं. मग त्यात दाणे, तीळ आणि शेवटी लाह्या हलक्या हाताने मिसळा. तूप लावलेल्या ताटात थापा, वरून वाटीच्या बुडाने दाबा, आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवून बारा वड्या कापा. एका वडीत साधारण १२० कॅलरी आणि पावणेचार ग्रॅम प्रथिनं येतात. साखर तरीही अकरा ग्रॅमच्या आसपास आहे, खजुराची असली तरी. तेव्हा एकीला एकच वडी. बरोबर चहा नको, पेरू मिळाला तर उत्तम.

थंडीत या वड्या आठवडाभर बाहेर राहतात. एप्रिलपासून फ्रीजमध्येच ठेवाव्या लागतात आणि सकाळी निघताना बटरपेपरमध्ये गुंडाळून द्याव्या लागतात. कोकोची पावडर आहे, कोकोचं लोणी जवळजवळ नाहीच, त्यामुळे चारपर्यंत मऊ पडते पण वितळून हाताला लागत नाही. शेंगदाणे आवडत नसतील तर निम्मे दाणे, निम्मे फुटाणे सालं काढून घ्या. जराशी कोरडी होते, पण प्रथिनं टिकतात आणि वडी स्वस्तही पडते.